कुत्र्याचं खाणं आणि घरातलं बाळ: गोणी उघडण्यापासून वाटी घासण्यापर्यंत

२००६ ते २००८ या काळात अमेरिकेतल्या २१ राज्यांत मिळून ७९ माणसांना साल्मोनेला श्वार्ट्झेनग्रुंड या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची बाधा झाली. त्यातले जवळपास निम्मे रुग्ण दोन वर्षांची किंवा त्याहून लहान मुलं होती. तपास करणारे माग काढत शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या एव्हरसन इथे मार्स पेटकेअर या कंपनीच्या कारखान्यात पोचले. तिथे कुत्र्यांचं कोरडं खाणं तयार व्हायचं. कोरड्या खाण्यातून माणसांमध्ये साथ पसरल्याचं त्याआधी कुणी दाखवून दिलेलं नव्हतं. २००८च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने तो कारखाना कायमचा बंद केला.

या तपासातली एक गोष्ट प्रत्येक कुत्रा-मांजरवाल्या घराने लक्षात ठेवावी. तान्ह्या मुलांच्या आजाराचा संबंध लागला तो पाळीव प्राण्याला स्वयंपाकघरात खायला घालण्याशी. कुत्र्याचं खाणं, आपला ओटा, आपलं सिंक आणि रांगणारं मूल हे सगळं एकाच खोलीत, हीच अडचण. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरं काय असतं?

पुढचं सगळं याच एका धाग्याभोवती आहे. कुत्रा ठणठणीत आहे, म्हणजे त्याचं खाणं निर्धोक आहे असं होत नाही. कुत्र्यामांजरांच्या आतड्यात साल्मोनेला असूनही त्यांना काहीच होत नाही, असं बऱ्याचदा घडतं. शेपटी हलवत ते तो विष्ठेतून आणि लाळेतून घरभर पसरवत राहतात. त्यामुळे ‘आमचा मोत्या तर वर्षभर हेच खातोय’ हा पुरावा मोत्यापुरता ठीक आहे, घरातल्या बाळासाठी नाही.

कोरड्या दाण्यात जिवाणू येतात कुठून

कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे तयार होताना पीठ उच्च तापमानाला आणि दाबाखाली शिजतं. तिथे बहुतेक जिवाणू मरतात. खरी फट पुढे आहे. शिजलेल्या दाण्यांवर चव आणि वास येण्यासाठी चरबी आणि स्वादद्रव्यं फवारतात, आणि त्यानंतर माल पुन्हा शिजत नाही. एव्हरसनमध्येही स्वाद लावण्याच्या विभागात जिवाणू सापडले होते.

कोरड्या दाण्यात पाणी कमी असल्यामुळे साल्मोनेला तिथे वाढत नाही, पण मरतही नाही. चरबीच्या आवरणाखाली महिनोन्‌महिने दम धरून राहतो. त्याला ना वास, ना रंग. गोणी नाकाशी नेऊन ‘ताजी आहे’ म्हणणाऱ्याला खवटपणा कळेल, जिवाणू कळणार नाही.

हे एकदाच घडलं असंही नाही. २०१२ मध्ये डायमंड पेट फूड्सच्या साउथ कॅरोलिनातल्या कारखान्यातल्या मालामुळे अमेरिका आणि कॅनडात मिळून ४९ जण आजारी पडले. तेव्हा मिशिगन राज्याच्या कृषी खात्याने नेहमीच्या तपासणीत न उघडलेली एक गोणी तपासली म्हणून धागा हाती लागला. २०२३ मध्ये टेक्सासमधल्या मिड अमेरिका पेट फूडच्या ‘व्हिक्टर’ खाण्याशी जोडलेले सात रुग्ण सापडले. सातांपैकी सहा जण एक वर्षाचे किंवा त्याहून लहान होते. आकडा लहान आहे, पण वयं बघा.

घाबरून कोरडं खाणं बंद करायची गरज नाही. बाजारातल्या पर्यायांत ते तुलनेने सुरक्षितच आहे. फक्त ते बिस्किटासारखं न हाताळता कच्च्या चिकनसारखं हाताळायचं. हात, भांडी, जागा यांचे जे नियम आपण कच्च्या चिकनला लावतो, तेच इथे लावायचे.

पहिली पायरी: दुकानात

सुटं खाणं घेऊ नका. पेट शॉपमध्ये मोठी गोणी उघडी ठेवून किलोच्या भावाने देतात. स्वस्त पडतं, पण त्या गोणीत कितीजणांचे हात गेले, माप कुठे पडलं होतं आणि ती कधी उघडली हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. त्याहून मोठा तोटा म्हणजे तुमच्याकडे बॅच नंबर राहत नाही. उद्या कंपनीने माल परत मागवला तर तुमच्या पिशवीत तोच माल होता का, हे कळायला मार्ग नाही.

भारतात ही जबाबदारी आपल्यावर जरा जास्तच पडते. २००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यामागे जी अन्नसुरक्षेची यंत्रणा असते, ती कुत्र्याच्या गोणीमागे तशीच उभी असेल असं धरून चालू नका. कुत्र्यामांजरांच्या खाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे. पाकिटावर त्याचा उल्लेख दिसला तर चांगलंच. परदेशी ब्रँड वापरत असाल तर अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या, संकेतस्थळावरची परत मागवलेल्या मालाची यादी अधूनमधून चाळा. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ती सवयच लावून घ्यायला हवी.

फाटलेली, टेप लावलेली, ओल लागलेली गोणी घ्यायची नाही. आणि पंधरा-वीस किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून एका छोट्या पॉमेरेनियनसाठी आणायची नाही. साधारण महिन्याभरात संपेल एवढीच घ्या. कोरडं खाणं २७ अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा, असं एफडीए सांगते. मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्यात हे वाचून हसू येईल. तापमान आपल्या हातात नाही, गोणीचा आकार आहे.

दुसरी पायरी: साठवण

दाणे डब्यात ओतायचे आणि गोणी फेकून द्यायची, ही जवळपास प्रत्येक घरातली पद्धत. ती बदला. गोणी तशीच्या तशी, तोंड दुमडून चिमटा लावून, झाकणाच्या डब्यात उभी करा. बॅच नंबर आणि तारीख हाताशी राहते. शिवाय दाण्यांची चरबी प्लॅस्टिकच्या डब्याला लागत नाही. त्या तेलकट थरावर जुन्या गोणीचे जिवाणू नव्या गोणीची वाट बघत बसतात. डब्यातच ओतायचं असेल तर प्रत्येक नव्या गोणीआधी डबा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. ‘पूर्ण’ हा शब्द पावसाळ्यात फार महत्त्वाचा, कारण ओलसर डबा हा न धुतलेल्या डब्यापेक्षा वाईट. गोणी उघडल्या उघडल्या मागच्या बाजूचा फोटोही काढून ठेवा.

जागा म्हणाल तर तांदूळ-डाळीच्या डब्यांच्या रांगेत नको. ड्राय बाल्कनीत ऊन आणि पावसाची झड येत नसेल तर तिथला बंद कप्पा चालेल. मुलाचा हात पोचणार नाही एवढी उंची हवी. रांगणाऱ्या मुलाला दाणे तोंडात घालायला फार आवडतात.

कोकणपट्टीत आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये दाणे मऊ पडले किंवा गुठळी दिसली तर अख्खी गोणी टाका. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही. तिथे जिवाणूंच्या जोडीला बुरशीही असते आणि तिची काही विषं शिजवल्यानेही जात नाहीत.

तिसरी पायरी: वाढणं

दाणे काढायला एक वेगळा चमचा किंवा माप ठेवा. त्याचं दुसरं काही काम नाही. कुत्र्याची वाटीच गोणीत बुडवायची सवय असेल तर ती आज सोडा. वाटीला लाळ लागलेली असते, लाळेत ओल असते आणि कोरड्या गोणीत नेमकी तीच नको असते.

वाटी ठेवायची कुठे? शक्य असेल तर स्वयंपाकघराबाहेर. बाल्कनी, पॅसेजचा कोपरा, न्हाणीघराबाहेरची जागा, काहीही चालेल. वन रूम किचनमध्ये पर्याय नसेल तर निदान ओट्यापासून आणि जेवायला बसायच्या जागेपासून लांब, खाली पुसता येईल अशी रबरी चटई घालून. कुत्रा जेवत असताना मूल त्या खोलीत नको. जेवण झालं की वाटी उचला आणि खालची जागा पुसा. पाणी दिवसभर राहू दे, अन्न नाही.

आता आपल्याकडची खास गोष्ट. दाणे कोमट पाण्यात, दुधात, ताकात, चिकनच्या पाण्यात भिजवून देणं. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना तसं द्यावंही लागतं. पण दाण्यात आतापर्यंत नुसता तग धरून बसलेला साल्मोनेला भिजल्यावर वाढायला लागतो. कोमट आणि प्रथिनं असलेलं खाणं म्हणजे त्याची मेजवानी. त्यामुळे भिजवलेलं, डब्यातलं किंवा घरी शिजवलेलं खाणं वाटीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच, म्हणजे महाराष्ट्रात मार्च ते जून एक तासच धरून चाला. सकाळी ऑफिसला जाताना भिजवून ठेवलेली वाटी संध्याकाळी अर्धी उरली असेल तर ती फेकायची. उरलेलं फ्रीजमध्ये टाकून रात्री पुन्हा वाढायचं नाही. भुकेल्या कुत्र्याकडे बघून जीव तुटत असेल तर सकाळी कोरडे दाणे घालून जा.

वाढून झाल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा. सॅनिटायझर इथे दुय्यम, कारण तेलकट हातावर तो नीट काम करत नाही.

चौथी पायरी: वाटी घासणं

नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ४१७ कुत्रामालकांना विचारलं, तेव्हा एफडीएच्या हाताळणीच्या सूचना माहीत असलेले पाच टक्क्यांहूनही कमी निघाले. २०२२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वाट्याही तपासल्या, आणि ज्यांनी स्वच्छतेच्या सूचना पाळल्या त्यांच्या वाट्यांवरचे जिवाणू घटलेले दिसले. म्हणजे उपाय साधा आहे आणि तो लागू पडतो.

आपल्याकडे वाटी ‘धुतात’ म्हणजे नळाखाली धरून पाणी फिरवतात. आतून बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. तो जिवाणूंचा चिकट थर नुसत्या पाण्याने निघत नाही. घासणीने, साबणाने, गरम पाण्याने घासावी लागते. खाण्याची वाटी प्रत्येक जेवणानंतर, पाण्याची रोज. स्टीलची वाटी उत्तम. प्लॅस्टिकला दातांचे ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत घासणी पोचत नाही.

घासणी वेगळी ठेवा, शक्य तर वेगळ्या रंगाची, म्हणजे समजावून सांगायला सोपं जातं. वाटी ड्राय बाल्कनीच्या नळाखाली किंवा मोरीत घासावी. किचनच्या सिंकशिवाय सोय नसेल तर आधी आपली भांडी, मग कुत्र्याची वाटी, शेवटी सिंक आणि नळाची मूठ साबणाने धुणं, या क्रमाने. कोथिंबीर निवडून धुवायला ठेवलेली असताना तर अजिबात नाही.

घरात मावशी भांडी घासत असतील तर हे त्यांना नीट, कारणासकट सांगा. बऱ्याच घरांत कुत्र्याची वाटी आणि बाळाची बाटली एकाच घासणीने निघते, ते सांगणाऱ्याने सांगितलं नाही म्हणून. शिवाय त्यांच्याही घरी लहान मुलं असतात आणि वाटी घासून त्या थेट तिकडेच जातात. साबणाने हात धुवायला त्यांना वेळ आणि जागा द्या.

आठवड्यातून एकदा वाटी आणि चटई पातळ ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करा. प्रमाण बाटलीवर असतं तेवढंच. नंतर साध्या पाण्याने खळबळून वाळवा. ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि मांजर असलेल्या घरात त्या जागी फिनाईल वापरू नका. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही आणि ती पंजे चाटतच असते.

कच्चं मांस: इथे जरा थांबू

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतही कच्च्या मांसाचा आहार देणारे वाढले आहेत. त्याआधीपासून, आणि कितीतरी जास्त घरांत, चिकनवाल्याकडून पाय, मुंड्या, गळे, कातडी आणून घालायची पद्धत आहे. दोन्हीकडे युक्तिवाद एकच: कुत्र्याच्या पोटातलं आम्ल तीव्र असतं, त्याला पचतं. मान्य, त्याला पचेलही. पण पिशवी तुम्ही उचलता, फ्रीज तुमचा, सुरी तुमची, आणि तेच तोंड तो नंतर तुमच्या मुलाच्या गालाला लावतो.

एफडीएच्या एका पाहणीत पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाण्याचे १९६ नमुने तपासले होते. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा दुसरा जिवाणू सापडला. लिस्टेरिया गर्भवतीसाठी फार घातक, गर्भपातापर्यंत नेणारा. शिवाय तो फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली कच्च्या पेट फूडशी जोडलेल्या ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूच्या संसर्गात चौघे आजारी पडले आणि त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, थांबतात. ‘फ्रीझ ड्राइड’, म्हणजे गोठवून वाळवलेलं, असं लिहिलेली महागडी पाकिटंसुद्धा कच्चीच असतात.

जिवाणूंचा विषय सोडून एक वाक्य विषाणूबद्दल. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा इथल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच५एन१ सापडला आणि संशय खाण्यातल्या मांसावर गेला. घरातली मांजरंही याच कुळातली. त्यांना कच्चं चिकन घालू नका.

माझं मत विचाराल तर पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती, पासष्टीपुढचं माणूस किंवा केमो, डायलिसिस, स्टेरॉइड चालू असलेलं कुणी घरात असेल तर कच्चा आहार नकोच. पाय-मुंड्या घालायच्याच असतील तर शिजवा. शिजवायची रीत अशी: चिकनवाल्याकडची पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून आणा. सिंकमध्ये धुवू नका, कारण धुताना उडणारे थेंब ओटाभर जिवाणू नेतात. पिशवी थेट कुकरमध्ये रिकामी करा, पाणी घाला, शिट्ट्या करा. मांसाचा गाभा ७४ अंशांवर गेला की हे जिवाणू मरतात आणि कुकर त्याच्या बराच वर जातो. मीठ, कांदा, लसूण नाही. गार झाल्यावर हाडं काढून टाका, शिजलेली हाडं तुटून टोकदार होतात. मग रोजच्या वाट्याचे डबे भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. आणि ती पिशवी उघडलेली सुरी, कात्री, ओटा लगेच साबणाने. बहुतेक घरांत चिकन नीट शिजतं आणि गफलत या कात्रीवर होते.

चघळायच्या वस्तू

वाळवलेले कान, पाय, कातडीची हाडं हा प्रकार लोक खेळण्यात धरतात, खाण्यात नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठीच्या डुकराच्या कानांमुळे ३४ राज्यांत १५४ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली आणि ते जिवाणू अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारे होते. दुकानातल्या उघड्या बरणीतून हाताने उचलून घ्यायचे कान, हाडं घेऊ नका. चघळायची जागा ठरवून द्या, सोफा आणि गादी नाही. मुलाने हात लावला तर धुवा.

तरीही कुणी आजारी पडलं तर

साल्मोनेलाची लक्षणं बाधेनंतर सहा तास ते सहा दिवसांत दिसतात: जुलाब, ताप, पोटात मुरडा, कधी उलट्या. बहुतेक धडधाकट माणसं चार ते सात दिवसांत आपोआप बरी होतात. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच कालवा, अंदाजाने नाही. जुलाबात रक्त, १०२च्या वर ताप, तीन दिवसांपुढे लांबलेले जुलाब, लघवी कमी होणं, किंवा रुग्ण एक वर्षाखालचं बाळ असणं, यातलं काहीही असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

डॉक्टरांना घरात कुत्रा आहे आणि तो काय खातो हे स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही, ‘बाहेरचं काही खाल्लं का’ एवढंच विचारलं जातं. मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. साध्या साल्मोनेलात त्याची बहुधा गरज नसते आणि नंतर शौचाची कल्चर तपासणी (जिवाणू वाढवून ओळखण्याची) करायची ठरली तर निकाल बिघडतो. कुत्र्यालाही जुलाब, उलट्या, सुस्ती असेल तर पशुवैद्यांना दाखवा. तो दिसायला बरा असला तरी त्याची विष्ठा पिशवीने उचला, बाळाचं तोंड चाटू देऊ नका आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांचे हात धुवा.

संशय असलेली गोणी लगेच टाकू नका. घट्ट बांधून, मुलांपासून आणि प्राण्यांपासून दूर, बॅच नंबर दिसेल अशी ठेवा. कंपनीला कळवा, बिल आणि फोटोसकट. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

नंतर फेकायची वेळ आली की दोन पिशव्यांत बांधा, वर लाल पेनाने ‘खराब’ लिहा आणि कचरा नेणाऱ्या माणसाच्या हाती तसं सांगून द्या. ‘फुकट कशाला घालवा’ म्हणून सोसायटीच्या गेटवरच्या भटक्या कुत्र्यांपुढे ओतू नका. त्या कुत्र्यांशी खेळणारी मुलं याच सोसायटीतली असतात.